ओआरएसची एक लिटरवाली पुडी: माल उत्तम, फक्त पाणी मोजून घ्या

मेडिकलमध्ये ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-ग्लुकोजचं मिश्रण, मागितलं की बऱ्याचदा हातात गोड रसाचा टेट्रापॅक पडतो. तो परत करा आणि पुडी मागा. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं असायला हवं. एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम. स्वादाची पुडी थोडी जड भरते, तेवढं चालतं. बाकीचे आकडे मात्र जुळलेच पाहिजेत.

या मापामागे कारण आहे. पटकीचा (कॉलराचा) जंतू आतड्याचं अस्तर कुरतडत नाही. त्याचं विष पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारांमागोमाग पाणी जातं. सोडियम आत घेणारी एक वाट मात्र अशा वेळीही चालू राहते, पण तिथे सोडियमला ग्लुकोजची सोबत लागते. दोघं आत गेले की पाणीही आत ओढलं जातं. म्हणून जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही आणि नुसती साखर तर उलट पाणी आतड्यात खेचते. १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजलं. पटकीने होणारे मृत्यू तीसेक टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले. आजची पुडी त्याच मिश्रणाची सुधारलेली आवृत्ती आहे. २००२ पासून त्यात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले आहेत.

मालाबद्दल तक्रार नाही, आकाराबद्दल आहे. घरात पेला असतो दोनशे मिलिलिटरचा आणि पुडी असते लिटरची. अख्खी पुडी एका पेल्यात गेली तर द्रावण पाचपट तीव्र होतं. त्याने जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. ‘थोडी आत्ता, थोडी नंतर’ हेही नको, कारण पुडीत क्षार आणि ग्लुकोज सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. लहान मूल घरात असेल तर दोनशे मिलिलिटरची छोटी पुडीच घ्या. वापराच्या सूचना बहुतेक पुड्यांवर इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. ज्या आजीला रात्री दोन वाजता ही पुडी फोडायची आहे, तिला त्या वाचता येत नाहीत. ही खरी उणीव आहे.

पाणी आधी उकळून गार करा. लिटरची खूण असलेल्या बाटलीत मोजा, पुडी संपूर्ण ओता, कण विरेपर्यंत हलवा. मिसळल्यावर उकळू नका, वरून साखर, दूध, सरबत घालू नका. चव घेऊन बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर माप चुकलंय, ते ओतून द्या. चोवीस तासांनी उरलेलंही ओता. पावसाळ्यात दमट होऊन गोळा झालेली किंवा तपकिरी पडलेली पुडी वापरू नका.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० द्या. बाटलीने नको, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवा. डॉक्टरांना विचारून झिंकही सुरू करा.

एक मात्र आधीच सांगायला हवं: ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. अंगातून गेलेलं पाणी भरून येतं, तेच त्याचं काम. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, मूल झोपाळलेलं, काही पिऊ शकत नाही, असं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा; पिता येत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहा.

टेट्रापॅकच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी दुकानात जुना माल दिसू शकतो, तेव्हा नाव सोडा, मागचे आकडे वाचा. शंभर मिलिलिटरमागे ग्लुकोज दीड ग्रॅमच्या आत हवं.