चॅप्टर ७ की चॅप्टर १३: दिवाळखोरी शिकणाऱ्या पॅरालीगलने हात कुठे बसवावा?

अमेरिकेत पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या प्रशिक्षित सहायकाच्या, अभ्यासक्रमात दिवाळखोरी एकच विषय म्हणून शिकवतात. वकिलाच्या ऑफिसात मात्र त्याची दोन निराळी कामं होतात: दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ खाली कर्जं माफ करून घेणं, आणि चॅप्टर १३ खाली ती हप्त्यांनी फेडणं. इंटर्नशिप निवडण्याआधी दोन्हीकडे टेबलावर काय येतं, ते माहीत असावं.

चॅप्टर ७ मध्ये बहुतेक कष्ट अर्ज दाखल होण्याआधीचे. फॉर्म १०१ म्हणजे पिटिशन, १०६ च्या मालिकेत ‘शेड्यूल्स’, म्हणजे मालमत्ता, कर्जं आणि जमाखर्चाच्या याद्या, १०७ मध्ये मागचे व्यवहार. कोर्टाची फी ३३८ डॉलर. क्रेडिट काउन्सेलिंगचं प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांतलं हवं. ते नसेल तर केस उडू शकते.

विद्यार्थी अडखळतात ते मीन्स टेस्टपाशी, म्हणजे चॅप्टर ७ साठी उत्पन्न जास्त तर नाही ना, या चाचणीपाशी. उत्पन्न धरायचं ते अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं. १९ ऑगस्टला अर्ज केला तर फेब्रुवारी ते जुलै, ऑगस्टचा पगार नाही. फेब्रुवारीत बोनस आला असेल तर सप्टेंबरात अर्ज केल्यास सरासरी उतरते. हे तुमच्या लक्षात आलं तर वकिलाच्या कानावर घाला. पक्षकाराला ‘महिनाभर थांबा’ म्हणणं हा कायदेशीर सल्ला झाला, आणि तो देण्याचा अधिकार पॅरालीगलला नाही.

पक्षकार मराठी असेल तर आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारा. पुण्यातला जोडनावावरचा फ्लॅट, गावच्या जमिनीतला हिस्सा, पीपीएफचं खातं, हे ‘तिकडचं आहे’ म्हणून लोक सांगतच नाहीत. मालमत्ता जगात कुठेही असो, ती शेड्यूल ए/बीमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, यायलाच हवी. वर्षभरात भावाचे उसने पैसे फेडले असतील तर तेही १०७ मध्ये. जाणूनबुजून लपवलं तर डिस्चार्जच, म्हणजे कर्जातून सुटकाच, नाकारली जाऊ शकते.

चॅप्टर १३ ची फी ३१३ डॉलर, शेड्यूल्स तीच. पण इथे अर्जानंतर खरी सुरुवात होते आणि केस तीन ते पाच वर्षं चालते. परतफेडीचा प्लॅन अर्जापासून १४ दिवसांत द्यायचा आणि पहिला हप्ता ३० दिवसांत भरायचा, प्लॅन मंजूर झालेला नसला तरी. ‘मंजुरी आली की भरू’ या समजुतीने कितीतरी केसेस बुडतात.

पुढे क्लेम, म्हणजे येणं किती याचे कर्ज देणाऱ्यांनी कोर्टात केलेले दावे, तपासणं. बँकांसाठी ते दाखल करण्याची मुदत अर्जापासून साधारण ७० दिवसांची. प्लॅनमध्ये घराची थकबाकी ८,००० डॉलर धरली आणि बँकेचा क्लेम ११,००० चा आला, तर ६० महिन्यांच्या प्लॅनमध्ये हप्ता दरमहा ५० डॉलरने वाढतो, वर ट्रस्टीचं (हप्ते गोळा करून वाटणाऱ्याचं) कमिशन. पक्षकाराने नोकरी बदलली की शेड्यूल ‘आय’ (उत्पन्न) आणि ‘जे’ (खर्च) पुन्हा.

आमचं मत असं, की आधी ७ शिका. शेड्यूल कच्ची असतील तर १३ मध्ये तीच चूक वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. पण ज्याला तारखा सांभाळणं आणि त्याच पक्षकाराचे फोन वारंवार घेणं जमतं, त्याने नोकरी १३ ची धरावी; फक्त ७ करणाऱ्या ऑफिसात काम लवकरच साचेबंद होतं.

मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्या: क्लेम पॅरालीगल तपासतो का, आणि पक्षकाराची सही होण्याआधी वकील शेड्यूल्स स्वतः वाचतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते ऑफिस सोडा. राज्याच्या सवलतींचे नियम (कोणती मालमत्ता पक्षकाराकडे राहू शकते) आणि कोर्टाचा स्थानिक प्लॅन फॉर्म मात्र पहिल्या आठवड्यातच वाचून काढा. ते जागोजागी बदलतात आणि पाठ्यपुस्तकात सहसा नसतात.