यकृताच्या कर्करोगपेशींवर वापरलेलं एसआय-आरएनए किट

सर्व्हायव्हिन हे जनुक निरोगी, प्रौढ यकृतात जवळपास झोपलेलंच असतं. कर्करोग झालेल्या पेशीत ते पुन्हा जागं होतं आणि पेशीला मरू देत नाही. तेच बंद करून बघायचं होतं, म्हणून हे किट घेतलं. एसआय-आरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा), ते पेशीत पोचवणारं लिपिड आणि स्क्रॅम्बल्ड कंट्रोल (कुठलंच जनुक न दाबणारा, तुलनेसाठीचा तुकडा), सगळं एकाच खोक्यात येतं. गेले चार महिने हेप-जी-टू या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या कर्करोगपेशींवर वापरते आहे.

जनुक खरोखर गप्प होतं. 48 तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) सर्व्हायव्हिनची पट्टी शोधावी लागली. अ‍ॅक्टिन या तुलनेच्या प्रथिनाची मात्र जशीच्या तशी. डॅपी हा केंद्रकं निळी दाखवणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पेशी फुगलेल्या आणि एकेकीत दोन-दोन, तीन-तीन निळी केंद्रकं! सर्व्हायव्हिन मरण अडवतं तसं विभाजनातही लागतं; ते नसलं की गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि एका पेशीच्या दोन होता होता राहतात. वाचून माहीत होतं, तरी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला हाक मारून दाखवलंच.

तक्रार आहे ती लिपिडची. माहितीपत्रकातल्या मात्रेने कंट्रोलच्या पेशीसुद्धा मरायला लागल्या, एमटीटी चाचणीत जिवंत पेशींमुळे येणारा जांभळा रंग तिथेही फिका. कंट्रोल लावला नसता तर ते सगळं मरण मी सर्व्हायव्हिनच्या खात्यावर टाकलं असतं, आणि या विषयात याहून मोठी चूक नाही. मात्रा निम्मी केली, सहा तासांनी मीडियम बदललं, तेव्हा कंट्रोल सावरला. जनुक तरीही तेवढंच दबलं. शिवाय हेप-जी-टू पुंजक्यांनी वाढतात आणि आतल्या पेशींपर्यंत लिपिड पोचत नाही. ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं विकर) दिल्यावर पिपेटने हळूहळू मोकळ्या करून घ्या, घाई करू नका. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

खोक्यावर ‘हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमासाठी तपासलेलं’ (म्हणजे प्रौढांमधल्या यकृताच्या नेहमीच्या कर्करोगासाठी) असं छापलंय, पण तपासणी फक्त हेप-जी-टूवरची. त्या पेशी जिच्यातून आल्या ती मूळ गाठ हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे मुख्यतः लहान मुलांत होणाऱ्या वेगळ्या यकृत-कर्करोगाची होती, हे 2009 मध्येच दाखवलं गेलंय. त्यात हेप-जी-टूमध्ये पी-53 (गाठी रोखणारं जनुक) शाबूत आहे, हेप-थ्री-बी या यकृताच्या दुसऱ्या कर्करोगपेशींमध्ये ते नाहीच. पी-53 सर्व्हायव्हिनला दाबून ठेवतं, त्यामुळे एका पेशीवरचा निकाल दुसरीला लावता येत नाही. हेप-थ्री-बीसाठी मात्रा पुन्हा पहिल्यापासून बसवते आहे.

जनुक बंद करण्याला पाचपैकी साडेचार, माहितीपत्रकाला दोन. दुसरं खोकं मागवलंय, या वेळी कंट्रोलच्या दोन नळ्या जास्त सांगितल्यात.