पाम कर्नल ऑइल: आठ महिने साबणात आणि अंगाला वापरून झाल्यावर

आठ महिने झाले पाम कर्नल ऑइल वापरतेय. साबणाच्या अकरा बॅचेस, दोन प्रकारचं बॉडी बटर आणि मधे तीन आठवडे नुसतं चेहऱ्याला लावून पाहिलं, एवढं सगळं झाल्यावर आता लिहायला बसले. पहिली वडी वापरली त्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहून मोकळी झाले असते, कारण तिचा फेस बघून मी खरंच हरखले होते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण माझी पूर्ण बॅच यातच बिघडली. पाम ऑइल वेगळं आणि पाम कर्नल ऑइल वेगळं. झाड एकच, फळही एकच, पण फळाच्या बाहेरच्या गरातून निघतं ते पाम ऑइल, कच्चं असताना लालसर केशरी असतं, आणि आतली टणक बी फोडून तिच्या मगजातून काढतात ते कर्नल ऑइल. साबणात दोघं अगदी वेगळी वागतात. तेलं ज्या फॅटी ॲसिडांची बनलेली असतात त्यांतली पाम ऑइलमधे मुख्य पामिटिक आणि ओलिक ॲसिड, कर्नलमधे जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, म्हणजे ते नात्याने खोबरेल तेलाच्या जवळचं. भरपूर, मोठ्या बुडबुड्यांचा फेस आणि कडक वडी, दोन्ही या लॉरिकमुळे.

तर झालं असं की तिसऱ्या बॅचला मी लाय कॅल्क्युलेटरमधे (कोणत्या तेलाचा साबण करायला किती कॉस्टिक सोडा, म्हणजे लाय, लागेल ते हा सांगतो) घाईत नुसतं 'पाम' निवडलं. एक ग्रॅम पाम ऑइलला साधारण ०.१४२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि कर्नलला साधारण ०.१७६, आकडे बघायला किरकोळ वाटतात, पण माझ्या ५०० ग्रॅम तेलात १५० ग्रॅम कर्नल होतं, म्हणजे सोडा जवळजवळ ५ ग्रॅम कमी पडला आणि ५ टक्के ठेवायचं म्हणून ठरवलेलं सुपरफॅट, म्हणजे साबण न होता वडीत मोकळं राहणारं तेल, ११ च्या वर गेलं. वडी पाच दिवस साच्यातून सुटेना, सुटली तेव्हा बोटाला तेलकट लागत होती. म्हटलं क्युअर होईल, म्हणजे ठेवून ठेवून सुकून मुरेल हळूहळू. तिसऱ्या महिन्यात एका वडीच्या कोपऱ्यावर मसुराएवढा केशरी ठिपका दिसला, पुढच्या आठवड्यात चार, आणि नाकाजवळ नेली तर जुन्या तेलाच्या बाटलीच्या झाकणाला येतो तसा खवट वास. मोकळं राहिलेलं तेल खवट व्हायला लागलं होतं. सगळी बॅच टाकली. जीव हळहळला, पण तरी हे बरं म्हणायचं, कारण उलटं झालं असतं, म्हणजे पाम ऑइल घेऊन आकडा कर्नलचा टाकला असता, तर वडीत सोडा शिल्लक राहिला असता आणि तो सरळ कातडीवर गेला असता. खोबरेलच्या जागी कर्नल घालणाऱ्यांनीही आकडा बदला, खोबरेलचा ०.१८३ आहे, फरक थोडा आहे पण सुपरफॅट खातोच.

आता माझं आज स्थिरावलेलं प्रमाण. कर्नल ३० टक्के, ऑलिव्ह ५०, शिया बटर १५, एरंडेल ५, आणि सुपरफॅट ५ टक्के. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं जवळपासही नको. हे माहिती असेल सगळ्यांना, तरी लिहिते. ब्लेंडरने ट्रेस येतो, म्हणजे तेल आणि सोडा एकजीव होऊन मिश्रण दाटसर होतं, ते बेताच्या वेगाने, घाई करत नाही, वास आणि रंग मिसळायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी वडी कापण्याइतकी होते. सहा आठवडे क्युअर करते, चार आठवड्यांनी वापरता येतो पण सहा आठवड्यांची वडी पाण्यात कमी झिजते, हे मी एकाच बॅचच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय.

फेसाबद्दल सांगायचं तर ओल्या हातात वडी दोन-तीनदा फिरवली की बोटांच्या बेचक्यांतून फेस वर येतो, आणि एरंडेलमुळे तो लगेच बसत नाही. बोअरच्या जड पाण्यातही फेस धरतो, माझ्या नुसत्या ऑलिव्हच्या साबणाचा तिथे पांढरट चिकट थरच व्हायचा. यासाठी मी कर्नलला पूर्ण मार्क देते.

पण प्रमाण वाढवलं की हेच तेल अंगावर येतं. मी हौसेने ८० टक्क्यांची एक बॅच केली, सुपरफॅट २० ठेवून. ती इतक्या लवकर कडक झाली की संध्याकाळी कापायची म्हणून ठेवली आणि तोपर्यंत सुरी लावली की कडेने तुकडे पडायला लागले, अशी वडी साच्यात टणक झाली की काही तासांतच कापावी लागते. भांडी आणि कपड्यांवरचे डाग घासायला ती जबरदस्त निघाली. अंगाला मात्र आंघोळीनंतर पोटऱ्या ताणल्यासारख्या, हात एकमेकांवर घासले तर करकर. आईची त्वचा मुळातच कोरडी, तिला तर ३० टक्क्यांचीही थंडीत जास्त वाटते, तिच्यासाठी मी २० वर आणते. कोरडी किंवा एक्झिमाची त्वचा असेल तर आधी कमी प्रमाणाची वडी करून आठवडाभर फक्त हातावर वापरून बघा, एकदम सगळ्या घरासाठी करू नका.

खोबरेलशी तुलना सगळेच विचारतात. माझ्या हाताला कर्नलचा फेस थोडा मऊ, सायीसारखा लागतो. खोबरेलमधे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही छोटी ॲसिडं जास्त असतात आणि कर्नलमधे ओलिक थोडं जास्त, मला वाटतं त्यामुळेच असेल. फरक आहे पण जमीन-अस्मानाचा नाही, खोबरेल जमतंय त्याने मुद्दाम बदलायची गरज नाही.

स्किन केअरमधे माझं मत जरा वेगळं आहे. चेहऱ्याला नुसतं लावलं तेव्हा पहिला आठवडा छान गेला, तिसऱ्या आठवड्यात कपाळावर बारीक बारीक पुळ्या, हाताने जाणवतील अशा. बंद केलं, बसल्या. लॉरिक जास्त असलेली तेलं काहींच्या त्वचेवर रोमछिद्रं बंद करतात आणि मी त्यातलीच आहे, म्हणून चेहऱ्याला आता अजिबात नाही. टाचा, कोपरं, गुडघे इथे मात्र मस्त. तेल साधारण २५ ते २८ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे डबीत घट्ट आणि बोटाला लागलं की पाणी, लावायला सुख आहे. पण याच कारणाने माझं फेटलेलं बॉडी बटर पहिल्या गरम आठवड्यातच बसलं, वरचा सगळा फुगीरपणा जाऊन खाली तेलाचं तळं. दुसऱ्या वेळी कर्नल कमी करून शिया वाढवलं आणि थोडं मेण घातलं, ते टिकलं. शिया गोठताना रवाळ दाणे होऊ नयेत म्हणून मिश्रण वितळलं की लगेच फ्रीजमधे ठेवते.

विकत घेताना लेबल नीट वाचा. फ्लेक्स म्हणून मिळतं ते बऱ्याचदा हायड्रोजनेटेड, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं असतं, कधी लेसिथिन घातलेलं, ते जास्त तापमानाला वितळतं आणि सोड्याचा आकडाही वेगळा असू शकतो, विकणाऱ्याकडून त्याचा आकडा मागून घ्या. आणि डबा अर्धवट गोठलेला असेल तर वरचं वरचं काढून घेऊ नका, पूर्ण वितळवून ढवळून मगच मोजा, नाहीतर पातळ भागात वेगळी ॲसिडं आणि घट्ट भागात वेगळी, दर बॅचला वडी वेगळी.

शेवटचं म्हणजे जंगलाचं. हे तेल घ्यायचं की नाही यावर मी बरेच दिवस अडले होते. जगातलं बहुतेक पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, तिथे लागवडीसाठी जंगलं तोडली गेली, ओरांगउटानची घरं गेली, आणि 'कर्नल तर बाय-प्रॉडक्ट आहे' म्हणून मी हात झटकू शकत नाही, पैसे त्याच बागेला जातात. दुसरीकडे एवढ्या जमिनीत एवढं तेल देणारं दुसरं पीक नाही, सगळ्यांनी दुसऱ्या तेलाकडे धाव घेतली तर जमीन आणखी लागेल. म्हणून मी आरएसपीओचं (शाश्वत पाम तेलाला प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र असलेलंच घेते, त्यातही 'सेग्रिगेटेड', म्हणजे साध्या तेलापासून वेगळं ठेवलेलं, असं लिहिलेलं मिळालं तर ते, कारण 'मास बॅलन्स' म्हणजे प्रमाणित आणि साधं तेल एकत्र मिसळलेलं. मिळालं नाही तर त्या महिन्यात खोबरेलवर बॅच करते.

आत्ता आईसाठीची २० टक्क्यांची बॅच साच्यात आहे, या वेळी कॅल्क्युलेटरमधलं तेलाचं नाव दोनदा मोठ्याने वाचून मगच सोडा मोजला. उद्या सकाळी कापते.