पाणी भरते, पण धुलाई सुरू होत नाही: नौपाड्यातील डिशवॉशर दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

ठाण्यातल्या नौपाड्यात गोखले रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीतले हे दुकान बाहेरून मिक्सर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही दुकानासारखेच दिसते, आणि डिशवॉशरचा बिघाड येथे कोणी इतक्या बारकाईने शोधून काढेल असे मला तेथे जाण्यापूर्वी वाटले नव्हते. आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीत आता बऱ्याच घरी डिशवॉशर आहे आणि यंत्र अडले की शेजारीपाजारी सगळ्यांचीच सारखी धांदल उडते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

उन्हाळ्यात आम्ही सहा आठवडे कोकणात गावी होतो. परत आल्यावर पहिल्याच दिवशी यंत्र लावले, तेव्हा पाणी नेहमीसारखे आत आले, व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज आला, त्यानंतर मिनिटभर खालून दबका घूं घूं असा आवाज येत राहिला आणि मग सगळे शांत झाले. पाण्याचे फवारे सुरूच झाले नाहीत. दार उघडून पाहिले तर तळाशी स्वच्छ पाणी साठलेले आणि भांडी जशी लावली होती तशीच खरकटी. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वेळा पुन्हा प्रयत्न करून पाहिला, पण फरक पडला नाही.

यंत्राची वॉरंटी संपलेली होती, तरीही आधी कंपनीच्याच सेवा केंद्राला बोलावले. तेथून आलेल्या मुलाने यंत्र सुरू केले, पाणी भरू दिले, पुढे काहीच आवाज येत नाही हे पाहिले आणि दहा मिनिटांत पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेल्याचे सांगून नव्या बोर्डाचे १३,८०० रुपयांचे अंदाजपत्रक लिहून दिले. त्याने कोठेही मीटर लावला नाही आणि खालची पट्टीसुद्धा उघडली नाही. मी आवाजाबद्दल सांगू लागले, तर त्याचे लक्ष नव्हते. एवढी रक्कम देण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे, असे म्हणून ओळखीतल्या एका बाईंनी या दुकानाचा नंबर दिला.

दुकानाच्या मालकांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी फोनवर विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता: “ताई, पाणी भरून झाल्यावर आतून घूं असा आवाज येतो, की अगदी सुरुवातीपासून चिडीचूप असते?” मी म्हटले, पहिल्या वेळी आवाज आला होता, नंतर आला नाही. त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. यंत्राने पाणी घेतले, याचा अर्थ दार नीट लागले आहे, बटणांना कुलूप नाही आणि उशिरा सुरू होण्याची वेळही चुकून लावलेली नाही. त्यामुळे पहिल्या पायरीवरच्या शंका तेथेच संपतात. पाणी भरल्यानंतर धुलाईच्या मोटरने घूं केले, तर बोर्डाने आपले काम केले आहे आणि वीज मोटरपर्यंत पोचते आहे, पण मोटर फिरू शकत नाही. अशी अडकलेली मोटर थोड्या वेळात तापते आणि तिच्यात बसवलेले उष्णतारक्षक बटण वीज तोडते, म्हणून आवाज बंद पडतो. कंपनीचा मुलगा आला त्या दिवशी सकाळीच दोन वेळा यंत्र लावून पाहिले असल्यामुळे मोटर आधीच तापलेली असावी, आणि कंपनीच्या मुलाला जी शांतता ऐकू आली ती त्यामुळेच, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र पाहिल्याशिवाय पक्के सांगणार नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले.

प्रत्यक्ष घरी आल्यावर त्यांनी ज्या क्रमाने तपासणी केली, तो क्रम मी मुद्दाम लक्षात ठेवला. प्लग काढून आणि नळ बंद करून झाल्यावर त्यांनी दार उघडले आणि पाण्याची पातळी पाहिली. गोल फिल्टरची जाळी पाण्याखाली पूर्ण बुडालेली होती, म्हणजे पाणी कमी पडत नव्हते. तरीसुद्धा त्यांनी यंत्राच्या नळाखाली बादली लावून धार किती आहे ते पाहिलेच. आमचे घर गच्चीवरील टाकीपासून दोनच मजले खाली आहे, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो हे लक्षात घेता आमच्याकडे दाब त्याहून कमी असणार, म्हणून ही शंका रास्त होती. बादली मिनिटाभरात भरली, तेव्हा तो मुद्दा बाजूला पडला. पाणी शिरण्याच्या पाइपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही त्यांनी काढून पाहिली. तिच्यात थोडा गाळ होता, तो जुन्या दातघाशीने साफ केला.

त्यानंतर पाणी भरल्याची खबर बोर्डाला देणाऱ्या भागाची पाळी आली. आमच्या यंत्रात तळाशी एक छोटी हवेची कुपी आहे आणि तिच्यापासून एक बारीक नळी प्रेशर स्विचकडे जाते. पाणी चढले की नळीतली हवा दाबली जाते आणि स्विच लागतो. फोडणीचे तेल आणि हळदीचा चिकट थर या कुपीत बसला की पाणी भरूनही यंत्राला ते कळत नाही आणि ते नुसते वाट पाहत राहते. काकांनी नळी सोडवून तोंडाने हलकी फुंकर मारली आणि मला कान लावायला सांगितले. “टक्” असा स्पष्ट आवाज आला, फुंकर थांबताच पुन्हा एकदा आला. हा स्विच चांगला आहे, असे म्हणून त्यांनी नळी परत बसवली. इतक्या साध्या रीतीने एक अख्खी शक्यता निकालात निघते, हे पाहून मला खरोखर समाधान वाटले.

मग मगाने आणि स्पंजने आतले पाणी काढून, दोघांनी मिळून यंत्र जुन्या गोधडीवर पाठीवर आडवे केले आणि तळाची पत्र्याची पट्टी उघडली. मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या कॅपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणतात. त्यातला साठलेला भार आधी उतरवून त्यांनी तो मीटरवर मोजला. त्यावर ४ मायक्रोफॅरड लिहिलेले होते आणि मीटरने ३.९ दाखवले. मोटरचे वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तीही शाबूत निघाली. शेवटी पंप सोडवून हातात घेतला, तर इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारा छोटा पंखा, बोटांनी हलेना. पंपातले पाणी मोटरकडे जाऊ न देणाऱ्या सीलभोवती पांढऱ्या क्षाराची पापडी धरली होती आणि सीलच्या दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. धुलाई संपल्यावरही तळाशी थोडे पाणी नेहमीच उरते. ते सहा आठवड्यांत आटले आणि त्यातला क्षार तेथेच घट्ट झाला, हे कारण पंप हातात असताना वेगळे समजावण्याची गरजच नव्हती. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पंप अर्धा तास बुडवून, पापडी सोडवून, त्यांनी नवे सील घातले. पंखा बोटाच्या एका टिचकीने फिरू लागला.

क्षार एवढा का साठला, याचे उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात होते. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला महापालिकेचे पाणी पुरत नाही आणि टँकर मागवावे लागतात, त्यांत बोअरवेलचे पाणी असते. काकांनी तपासणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवून पाहिली तेव्हा कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचे प्रमाण, ३०० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ३०० भाग) आसपास आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे पिण्यासाठी ते चालण्याजोगे असले तरी यंत्रासाठी जड होते. यंत्रातला सॉल्टचा दिवा कित्येक महिने लागलेला होता आणि आम्ही तिकडे दुर्लक्ष केले होते. हे मीठ भांड्यांसाठी नसून, पाणी मऊ करणाऱ्या रेझिनला पुन्हा कामाला लावण्यासाठी असते, आणि त्याच्या जागी घरातले आयोडीनयुक्त बारीक मीठ घालू नये, हे त्यांनी सासूबाईंना दोनदा बजावले. कठीणपणाची पातळी त्यांनी स्वतः बटणे दाबून वाढवून दिली आणि ते कसे करायचे हे मला माहितीपुस्तिकेत दाखवले.

एकूण बिल १,८५० रुपये झाले: भेटीचे ४५०, सीलचे ४०० आणि मजुरीचे १,०००. बोर्डासाठी सांगितलेल्या रकमेशी तुलना केली की आनंद होतोच, पण मला त्याहून अधिक आवडले ते हे की कोणताही भाग खराब आहे असे म्हणण्यापूर्वी त्यांनी तो मोजला आणि जो चांगला निघाला त्याचे नावही बिलात आले नाही.

तक्रारी आहेत, त्याही सांगायला हव्यात. सांगितलेल्या दिवसापेक्षा काका दोन दिवस उशिरा आले आणि तसे आधी कळवले नाही. घोडबंदर रस्त्याची वाहतूक सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक फोन करता आला असता. बिल साध्या पावतीपुस्तकावर हाताने लिहिलेले आहे आणि हमी फक्त सीलवर, तीही ३० दिवसांची. बोर्डाची दुरुस्ती येथे होत नाही, ती बाहेर पाठवावी लागते आणि तिला किती दिवस लागतील हे ते सांगत नाहीत. नव्या पद्धतीच्या, पंपातच हीटर असलेल्या यंत्रांचा सुटा सील मिळतोच असे नाही, तेव्हा पूर्ण पंप बदलावा लागू शकतो, हेही त्यांनीच सांगितले.

दुरुस्तीनंतर बाराव्या दिवशी यंत्राखाली पाण्याचे चार-पाच थेंब दिसले. फोन केला, तर काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, तळ उघडून पंपाच्या पाइपाचा क्लॅम्प आवळला, कोरडा कागद खाली ठेवून पूर्ण धुलाई होईपर्यंत बसून राहिले आणि कागद कोरडाच निघाल्यावर पैसे न घेता गेले. त्यानंतर गौरीजेवणाच्या दिवशी यंत्र लागोपाठ तीन वेळा चालले आणि तिन्ही वेळा फवारे पाणी भरताच सुरू झाले.

दुकान दुपारी दीड ते साडेचार बंद असते आणि त्या वेळात फोन उचलला जात नाही. सकाळी दहाच्या सुमारास फोन करावा, आणि त्याआधी यंत्र किमान दोन तास बंद ठेवून, मोटर थंड झाल्यावर एकदाच लावून तो आवाज नीट ऐकून ठेवावा, कारण काका आधी तेच विचारतील.