कोळशाच्या स्टोव्हच्या विटा बदलताना झालेली फसवणूक

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात, स्क्रँटन शहराच्या आसपासच्या जुन्या घरांत, अँथ्रासाइट या कठीण दगडी कोळशावर चालणारे बिडाचे स्टोव्ह अजूनही वापरात आहेत, आणि इकडे जुने घर घेणाऱ्याला कधी कधी असा स्टोव्ह घरासोबतच मिळतो. आमच्या तळघरातही तो आहे. त्याच्या आतल्या झिजलेल्या फायरब्रिक, म्हणजे भट्टीच्या विटा, बदलून घेताना आमची फसवणूक झाली. ती ज्या रीतीने झाली ती रीत इतर घरांतही सहज खपण्याजोगी असल्यामुळे हा अनुभव तपशीलवार लिहीत आहे.

अँथ्रासाइट लाकडासारखा भडकत नाही. तो आखूड, निळसर ज्योतीने तासन्‌तास जळतो, आणि त्याच्या निखाऱ्यांचा जाड थर सतत विटांना टेकून असतो. या थराचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. वीट झिजून पातळ झाली की ही धग थेट बिडावर येते, बीड लाल होऊन वाकते आणि सांध्यांत फटी पडतात. या कोळशाला धूर जवळजवळ नसतोच, त्यामुळे फटींतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरत असला तरी नाकाला पत्ता लागत नाही.

आमच्याकडे आलेला कारागीर बोलायला अतिशय नम्र होता. त्याने जुन्या विटा काढल्या आणि ‘कचरा मी नेतो’ म्हणून त्या आपल्या गाडीत टाकल्या. नव्या विटा तो बाहेर गाडीपाशीच कापत होता. तिथून एकेक वीट आणून बसवायची आणि लगेच तिच्या दर्शनी बाजूवर विटा जोडण्याच्या करड्या मसाल्याचा जाड लेप द्यायचा, असे त्याचे काम चालले होते. लेप कशासाठी, असे विचारल्यावर ‘याने विटांचे आयुष्य दुप्पट होते’ असे उत्तर मिळाले. वास्तविक विटांच्या अस्तरात मसाला सांध्यांपुरताच आणि पातळ असतो. संपूर्ण वीट झाकण्याचे काही कारण नसते. त्याच संध्याकाळी त्याने जाळीवर भरपूर कोळसा घालून स्टोव्ह पेटवून दाखवला, घर ऊबदार झाले आणि आम्ही पैसे दिले. नवा मसाला आधी वाळू द्यावा लागतो आणि मग लहान लहान जाळ करून हळूहळू तापवावा लागतो, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

थंडी ऐन भरात असताना लेपाचे पापुद्रे सुटू लागले आणि राख पाडण्यासाठी जाळी हलवताना ती अडकू लागली. स्टोव्ह विझवून पाहिले तेव्हा जाळीत विटेचे तुकडे रुतलेले होते, आणि ते आतून करडे, वाळू व बारीक खडी दिसणारे होते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीमध्ये कुपोलाच्या, म्हणजे बीड वितळवण्याच्या भट्टीच्या, अस्तराचे काम केलेल्या माझ्या मामांना व्हिडिओ कॉलवर तुकडा दाखवला. ते म्हणाले, “अरे, ही भट्टीची वीट नव्हेच. अंगणात घालतात तो सिमेंटचा ब्लॉक आहे हा, वरून पिवळसर रंगवलेला.” सिमेंट घट्ट होताना त्यात बांधले गेलेले पाणी साधारण ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान मोठ्या प्रमाणात निघून जाते आणि माल भुसभुशीत होतो, कोळशाच्या स्टोव्हमध्ये तो टिकणे शक्यच नव्हते.

वीट हातात घेऊन वजनावरून ओळखावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या किंवा उष्णतारोधक हलक्या विटा, ज्या कोळशाच्या घर्षणापुढे लवकर झिजतात, त्या वजनाने कळतात. काँक्रीट मात्र फायरब्रिकइतकेच जड भरते. म्हणून कापलेला किंवा तुटलेला भाग पाहावा. फायरक्लेची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीची, वीट आतपर्यंत फिकट पिवळी किंवा बदामी असते, तिच्यात भाजलेल्या मातीचे टोकदार कण दिसतात, आणि ठोकल्यावर ती खणखणीत वाजते. सगळ्या विटा मसाल्याशिवाय, कोरड्या रचून दाखवायला सांगाव्यात, आणि तुमचे पाहून होईपर्यंत मसाल्याचा डबा उघडू देऊ नये. जुन्या विटांपैकी एक तरी मापासाठी ठेवून घ्यावी. स्टोव्हच्या दाराभोवतीची, फट बंद करणारी जुनी दोरी मात्र स्वतः खरवडू नये, कारण जुन्या स्टोव्हच्या दोरीत आरोग्याला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

पेन्सिल्व्हेनियात घरदुरुस्तीची कामे करणाऱ्यांसाठी २००९ पासून लागू असलेला कायदा आहे. वर्षाला ५००० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची कामे करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या (मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि ५०० डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी असावा लागतो. आमच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता, ‘विटा व मजुरी’ एवढेच लिहिलेले होते. आम्ही त्या कार्यालयाकडे तक्रार केली आहे आणि स्थानिक मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट न्यायालयात, म्हणजे लहान दाव्यांच्या न्यायालयात, दावाही लावला आहे. तिथे १२,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. पावती, छायाचित्रे आणि जाळीतून काढलेले तुकडे पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत, आणि दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.