सीलपॅक म्हणून पुराचा माल गळ्यात मारला

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तिथला भिजलेला माल पुढे कुठे गेला असेल, याचा अंदाज मला 1,850 रुपये घालवून आला. लाजेने इतके दिवस बोललो नाही.

गणपतीला आठ दिवस होते. भजनाच्या चाली बसवायच्या म्हणून वायरलेस इअरफोन घ्यायला गेलो. छापील किंमत 3,499. "सीलपॅक आहे दादा, वॉटरप्रूफ. तुम्हाला 1,850." खोक्याचा एक कोपरा फुगून मऊ पडला होता. माझं बोट त्यावरून दोनदा फिरलं, आजही आठवतं. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट डाग होते. विचारलं तर म्हणे, "पावसाळी हवा, बुरा येतोच." आणि मला पटलं! पण श्रावणात आमच्याकडे उशीलासुद्धा कुबट वास येतो, खोक्याचा संशय कसा येणार? त्यात लाईट गेलेली, दुकानात गर्दी.

घरी लावले तर मृदंग नुसता धप्प धप्प, झांज गायबच. डावीकडचा आवाज उजवीच्या निम्मा. चार दिवसांत खरखर. तांदळात ठेवून बघितले, उपयोग शून्य. पाणी सुकतं, गाळ आणि क्षार जाळीवरच बसतात, आणि झांजेसारखे बारीक आवाज आधी तिथेच अडतात. पिना हिरव्या दिसल्या की वस्तू खाली ठेवा.

परत नेले तर दुकानदार म्हणतो, "तुम्हीच पाण्यात पाडलेत." सर्व्हिस सेंटरला पाठवले, कुरिअरचे 180 गेले. उघडल्यावर आत मातीचा थर! तरी उत्तर काय, तर पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, पाणी माझ्या हातात यायच्या आधी गेलंय!

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "दोन हजारांसाठी अर्ज?" 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, त्यांनी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे चिठ्ठी, तिच्यावर तारीखसुद्धा नाही. तक्रार बंद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे तेव्हा एकानेही सांगितलं नाही. दोन महिने मी फोन करतोय, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर देतोय! भिजलेला माल विकणाऱ्याला एकाने तरी विचारायचं होतं, कुठून आणला म्हणून.

पक्कं बिल घ्याच. दोन्ही कान दुकानातच, ओळखीचं गाणं लावून वेगवेगळे ऐका. खोक्यावर आयपीएक्स 4 ही पाणी सोसण्याची श्रेणी असेल तर इअरफोन फक्त शिंतोडे सोसतो, वॉटरप्रूफ नव्हे.

परवा, मी इअरफोन घेतले त्याच बाजारात, पुन्हा निम्म्या किमतीत सीलपॅक खोकी मांडलेली दिसली. कोपरे दाबून बघा.