बर्लिन-पॅरिस: आठ तासांची रेल्वे की पावणेदोन तासांचं विमान?

ताई पॅरिसला, मी बर्लिनला. त्यामुळे गेले कित्येक महिने या दोन शहरांमधली माझी ये-जा चालूच आहे, कधी रेल्वेने, कधी विमानाने. इकडे नव्याने आलेली आपली मंडळी हमखास विचारतात, दोन्हीतलं बरं काय? माझं उत्तर आता पक्कं झालंय. गाडी थेट असेल तर रेल्वे, दोनदा बदलायची असेल तर विमान. अंतर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

बर्लिन ते पॅरिस दिवसाची थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. फ्रांकफुर्ट, कार्ल्सरूह, स्ट्रासबर्ग एवढेच थांबे आणि साधारण आठ तास. त्याआधी मध्ये कुठेतरी उतरून दुसरी गाडी पकडावी लागायची. २०२३ च्या डिसेंबरपासून रात्रीची गाडीही होती, पण फ्रेंच सरकारची मदत थांबल्यावर २०२५ च्या अखेरीस तीही गेली. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर विमान जिंकतं. हवेत पावणेदोन तास, पण घरातून विमानतळ गाठायला पाऊण तास, तिथे दीड-दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर बॅगेची वाट, मग शार्ल द गोल विमानतळाहून आरईआर लोकलने शहरात यायला पाऊण तास. सगळं मिळून सहा तास होतात. रेल्वेने दारापासून दारापर्यंत नऊ धरा. म्हणजे विमानाने तीन तास वाचतात. मात्र ते सहा तास तुकड्या-तुकड्यांत जातात. रांग, पट्टा काढा, लॅपटॉप बाहेर ठेवा, पुन्हा रांग. सलग तासभर डोकं घालून काम करावं असा वेळ त्यात सापडतच नाही. रेल्वेत मी फ्रांकफुर्टपर्यंत ऑफिसचं काम उरकते, पुढे पुस्तक काढते. इंटरनेट मध्येमध्ये जातं, म्हणून लागणाऱ्या फाइल आधीच उतरवून घ्याव्यात.

केल या जर्मन सीमेवरच्या गावानंतर गाडी ऱ्हाइन नदी ओलांडते आणि स्ट्रासबर्ग येतं. मला सगळ्यात आवडतो तो त्यापुढचा टप्पा. डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा चढत चढत ताशी ३२० किलोमीटरवर जातो आणि समोरच्या कपातला चहा सांडत नाही. याच मार्गावर २००७ मध्ये फ्रेंच अभियंत्यांनी खास तयार केलेली गाडी ५७४.८ किलोमीटर वेगाने पळवली होती. स्ट्रासबर्ग ते पॅरिस हे अंतर पावणेदोन तासांत मागे पडतं, आणि उतरतो ते थेट शहरात, गार द लेस्टला.

आई-बाबा आले होते तेव्हा रेल्वेचा खरा फायदा कळला. वजनाचा काटा नाही, बुटापर्यंतची तपासणी नाही. बाबांचे गुडघे आखडले की ते डब्यातून फेरी मारून यायचे. आईने मेथीचे पराठे, दही आणि लोणच्याची अख्खी बरणी बरोबर घेतली होती. विमानात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या नियमापायी त्या बरणीवर बहुधा पाणी सोडावं लागलं असतं. एक गोष्ट मात्र विसरू नका: शेंगेन असलं तरी पासपोर्ट आणि रहिवासी परवान्याचं कार्ड (पाहुण्यांचा व्हिसा) हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने फ्रान्ससह सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि पोलीस डब्यात येऊन कागद मागू शकतात.

आता रेल्वेची दुखरी बाजू. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. थेट गाडीत बसलेल्याला उशिराचा त्रास फक्त पोचण्यापुरता. पण पुढची गाडी पकडायची असेल तर जिवाला घोर लागतो, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर दुसऱ्याची हमी कुणी घेईलच असं नाही. तासाभराहून जास्त उशीर झाला तर २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के भाडं परत मिळतं. विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल तर या अंतरासाठी २५० युरो मिळतात. मला एकदा मिळाले, पण त्यासाठी एका विमानकंपनीशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागला.

भाडं म्हणाल तर आधीपासून काढलं की रेल्वे साठेक युरोपासून मिळते. विमानाचं तिकीट कधी त्याहून स्वस्त दिसतं, पण मोठी बॅग आणि विमानतळाची ये-जा मिळवली की फरक उरत नाही. धुराचा विचार केला तर रेल्वेला तोड नाही, आणि मला तो विचार महत्त्वाचा वाटतो.

तरीही या सुट्टीत आम्ही दोघी बार्सिलोनाला भेटतोय, तर मी विमानाचंच तिकीट काढलंय. पॅरिसहून ताईला थेट तेजेवे (फ्रान्सची वेगवान गाडी) आहे, पावणेसात तासांची, तिने तीच घ्यावी. मला मात्र रेल्वेने जायचं तर पॅरिसमध्ये गार द लेस्टवरून सामान घेऊन गार द लिऑं हे दुसरं स्टेशन गाठावं लागेल, आणि माझी गाडी संध्याकाळी पोचत असल्याने मुक्कामही करावा लागेल.